डोळा

गिरणाऱ्यात, टोमॅटोच्या बांधाला लागून
सहा मोसंब्या. पाचवीची पानं
शिरेच्या अलीकडे हिरवी, पलीकडे पिवळी.

गांगुर्डेबाईंनी भिंग माझ्या हाती दिलं.
कोवळ्या फुटीवर सायला:
डोकं टेकून, बूड वर करून,
जसं कुणी झऱ्याला तोंड लावतं.
"हिला काय ठाऊक, सोंडेत काय आहे," बाई म्हणाल्या,
"हिला नुसती तहान."

मी मान हलवली. पंप धुवायला घेतला.
सांगितलं नाही, की
जंभेरीच्या खुंटावर डोळा मीच भरला होता,
दिंडोरीच्या आत्याच्या झाडाचा.
ओल्या फडक्यात गुंडाळून आणला,
एसटीत, मांडीवर,
धक्का लागू न देता.

तिची फळं फार गोड होती.