मायफळ

नंदगडच्या बाजारात चन्नाप्पा होंडदनं
पुडीत बांधून दिली चार.
तो माचीकाई म्हणतो, मी मायफळ.
"भोकाची नको घालू," म्हटलं,
तर हसला. "भोक म्हणजे आतली गेली की, बाई.
मागं काय राहतंय? हलकं."

आतली.
जावेच्या लेकीला गुटी उगाळताना रोज चार वळसे,
आणि रोज त्या एका शब्दापाशी हात मंद.
फळ म्हणतो खरं. फळ नव्हेच ते.
कुठल्याशा डोंगरातलं झाड, चन्नाप्पानं न बघितलेलं,
त्याच्या कोवळ्या डिरीत
चिलटाएवढ्या गांधीलमाशीनं अंडं ठेवलं
आणि झाडानं, कोण कुठली न विचारता,
तिच्या मापाची खोली बांधली.
भिंतीत सगळा तुरटपणा ओतून.

आमच्या परड्यातल्या पांगाऱ्यालाही
तीन वर्षं झाली, असंच काहीतरी.
देठं सुजलेली, पानं मुठी आवळल्यासारखी.
फाल्गुनात साळुंक्या आल्या, फांद्या मोजल्या, गेल्या.
शेतकी खात्याचा पोरगा भिंग लावून म्हणाला,
हिची जात निराळी, हिला पांगाराच लागतो,
दुसऱ्या झाडाकडं ती ढुंकूनसुद्धा बघायची नाही.
खरंच. त्याच पांगाऱ्यावर चढलेली पानवेल
हिरवीगार, जशी काही शेजारी कुणी आजारीच नाही.
मी एक देठ नखानं सोलला:
आत वरीच्या दाण्यासारखं पांढरं, हलणारं.
परत मिटता आला नाही.

नागोजीभाऊजी म्हणतात, तोडूया. वेलीला शेवगा लावू.

आज सकाळी उगाळता उगाळता
चौथ्या मायफळाची भिंत झिजली.
बिनभोकाचं, जड, निवडून घेतलेलं.
आत ती होती.
पंख अंगाशी घडी घातलेले,
पाय पोटाशी,
तोंड भिंतीकडं.
पोखरायला सुरुवातही केलेली, जोंधळ्याच्या कण्याएवढी.

सहाण धुतली. बोट तेवढं चाटलं, का कोण जाणे.
पोरीला आज नुसती हळकुंड-वेखंडाची गुटी.

परड्यात भाऊजी कोयत्याला धार लावूलालेत.
"आज नको," म्हटलं.
"का वो?"
सांगणार होते.
पण जीभ टाळूला चिकटलेली,
नुसती तुरट.