ह्राचिकचं बिल

पियानो वाजणारच नव्हता,
तरी ह्राचिक सकाळी आठलाच हजर,
गुम्रीच्या त्या सभागृहात, जिथे फेब्रुवारीत
आपला श्वास आपल्याला दिसतो.
हातमोज्यांची बोटं कापलेली. पिशवीत किल्ली,
लोकरीच्या पट्ट्या, आणि चीज गुंडाळलेला लवाश.

मी पानं उलटणारी. माझं काम त्याहून हलकं.
न्वार्दच्या नव्या रचनेत पानं तीन,
सगळ्यांवर नुसते विराम,
रेघेला उलट्या टांगलेल्या टोप्यांसारखे.
टोप्या सोडून माणसं कुठे गेली, हे लिहिलेलं नव्हतं.

अरुस्याक हिशेबाच्या टेबलावरून म्हणाली,
"जे वाजायचंच नाही, ते सुरात लावायचं कशाला?
अठरा हजार द्राम! नगरपालिकेला काय तोंड दाखवू?"
ह्राचिकने चकार शब्द काढला नाही.
मधल्या सप्तकातली एक तार त्याला दमवत होती,
ओल्या भिंतीशेजारी राहून रुसलेली,
चढवली की उतरायची.
तो डोळे मिटून, जीभ दातांत धरून
तिची समजूत काढत राहिला
दोन वाजेपर्यंत.

मग लवाश खाताना म्हणाला,
"बेसूर पियानोची शांतताही बेसूर असते, पोरी.
तुला ऐकू येत नसेल, तर तो तुझा प्रश्न."

संध्याकाळी माणसं बासष्ट, कोट अंगावरच.
झावेन बसला, बाह्या सारल्या,
हात मांडीवर ठेवले. झाली सुरुवात.
कुणी खोकलं. रेडिएटरमधलं पाणी टकटकलं.
मागे कॉन्झर्व्हेटरीतला एक पोरगा कुजबुजला,
"हे संगीत, तर माझा बूट व्हायोलिन."
मी ओठ चावला. खरंच तर बोलत होता.
तिकीट काढून आलेल्यांना आम्ही
त्यांचाच खोकला विकत होतो.

मी पान उलटलं.
न्वार्दने कोपऱ्यात लिहिलं होतं, "हलकेच."
हलकेच उलटलं. तरी गेलंच ऐकू,
शेवटच्या रांगेपर्यंत.
आता तो सूर धरायचा, की माझी चूक?

तेवढ्यात ह्राचिक दिसला. दाराशी उभा,
उजवा हात वर, पंजा उघडा.
हा कुणाला थांबवतोय?

भूकंपाच्या वेळी मी जन्मले नव्हते. ऐकून माहीत आहे,
त्या डिसेंबरात ढिगाऱ्यावर
मधूनच कुणी असा हात वर करायचं,
की क्रेन बंद, ट्रक बंद,
रडणाऱ्या बाईच्या तोंडात रुमाल,
आणि सगळे नुसते कान होऊन उभे,
खालून काही येतं का. एखादी टकटक. एखादं नाव.
ह्राचिक तेव्हा एकवीस वर्षांचा. कान तिखट,
म्हणून त्याला न्यायचे
या गल्लीतून त्या गल्लीत.
किती वेळा ऐकू आलं, तो सांगत नाही.
किती वेळा आलं नाही, तेही.

त्या शांततेला कुणी संगीत म्हटलं असतं
तर लोकांनी त्याच्या कानाखाली काढली असती.
मीही म्हणत नाही.
एवढंच, की तिसरं पान उलटलं तेव्हा
माझा हात थरथरत होता,
आणि बुटाचं व्हायोलिन करणारा तो पोरगा
मान पुढे काढून ऐकत होता. काय, देव जाणे.

टाळ्या पडल्या, थोड्या, बिचकत.
सगळे पांगल्यावर मी चोरून
ती मधली पट्टी दाबली.
उतरली होती. केसभर.
ह्राचिकला सांगावं की नको, या विचारात
मी टेबलापाशी गेले. अरुस्याक बिल वाचत होती,
तोंड वाकडं करून, पुन्हा पुन्हा:
अठरा हजार. त्यातून वजा पाचशे.
कारणाच्या रकान्यात त्याचं किरटं अक्षर:
"एक तार, दुसऱ्या पानाच्या मध्यावर, उतरली."