किती मिनिटांचं विसरलं तर चालेल

लातूरला, गंजगोलाईच्या मागं,
पतसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर
संचालकांपुढं मी नकाशा पसरला.
अध्यक्ष बिराजदार म्हणाले, दुसरा सर्व्हर
खालच्या मजल्यावर ठेवू की, भाडं वाचंल.
मी म्हणाले, दोन्ही किल्ल्या एकाच खिशात,
आणि खिसाच फाटला तर?
हसले सगळे. खर्चाचा कागद मात्र
पालथा घालून त्यावर चहा ठेवला.

मग एकेक गाव खोडत गेले.
औसा हाकेच्या अंतरावर;
इथली वीज गेली की तिथलीही जाते.
नांदेडची शाखा नदीच्या उताराला.
अंबाजोगाई मला आवडलं होतं,
डोंगरावर, जरा गार, साठेक किलोमीटर.

"हादरा किती लांब जातोय, मॅडम?"
दाराशी मन्मथअप्पा हालगे.
निवृत्त होऊन चार वर्षं झाली,
रेकॉर्डच्या खोलीची किल्ली अजून त्यांच्याच करदोड्याला.

मी अंबाजोगाईवरही काट मारली.

जालना ठरलं.
पोलादाच्या भट्ट्या पेटल्या की तिथं दिवे मिणमिणतात,
म्हणून स्टॅबिलायझर एक जास्तीचा,
बॅटऱ्या आठ,
खिडकीला उंदरांसाठी जाळी.

मग विचारलं, जे मी सगळ्यांनाच विचारते:
किती मिनिटांचं विसरलं तर चालेल?
कुणी म्हणालं दिवसाचं, कुणी तासाचं.
एकजण म्हणाले, आम्हाला सकाळचंच आठवत न्हाई.
पंधरा मिनिटांवर तडजोड झाली.

राहिला प्रश्न जागेचा.
निष्क्रिय खाती वगळू, मी म्हणाले,
बारा हजार आहेत,
तीस-तीस वर्षांत कुणी फिरकलं नाही.

"फिरकायला माणूस लागतंय," अप्पा म्हणाले.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात
गणपती बोळवून गाव झोपलं, त्या रात्री
शाखेची खतावणी गावात नव्हती.
बेरीज जुळेना, चौदा पैशांचा फरक,
म्हणून अप्पांनी ती पिशवीत घालून लातूरला आणली होती.
सकाळी शाखा नव्हती. गल्ल्याही नव्हत्या.
कोणत्या घरात कोण राहत होतं
हे विचारत तहसीलची माणसं आली,
तेव्हा अप्पांनी खतावणी उघडली
आणि पान एकपासून वाचायला घेतलं.

"ते चौदा पैसे अजून सापडले न्हाईत."

संचालकांपैकी कुणीतरी
खर्चाच्या कागदावरचा कप उचलला.

चाचणी रविवारी घेतली.
लातूरची केबल मी काढायला लावली, आणि जालन्यात
पंख्याच्या घरघरीत आम्ही दोघं वाट बघत बसलो.
चाळीस मिनिटं. पडदा उजळला.
काय उघडू, म्हणाले.
एकशे सतरा, म्हणाले अप्पा, न आठवता.

सुगलाबाई मलंगअप्पा हालगे.
शेवटचा व्यवहार अठ्ठावीस सप्टेंबर,
भरणा, रुपये दहा.

बराच वेळ ते वाचत राहिले,
ओळी तर चारच होत्या.
मग म्हणाले, व्याज लागतंय का बघा.

लागत होतं.

लातूरला फोन करून केबल परत जोडायला सांगितली,
आणि वहीत वेळ टाकून लिहिलं:
प्रत वाचता येते.