टोनर आणि रेघ

पाटीवर 'फणसे फोटोकॉपी' आहे, पण भंवरकुव्याची पोरं
मला भियाच म्हणतात.
सकाळी आठला पहिली बॅच सुटते
आणि इंग्रजी शब्दांच्या याद्या, शंभराची एक,
माझ्या मशीनच्या तोंडून बाहेर पडू लागतात.
शब्द गरम असतात.
हातात घेतले की कडेने जरा वळतात, भाजल्या पापडासारखे.

वाचायचं नसतं मला, पण नजर जाते.
पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू.
घरमालकाला तोंडावर म्हणून पाहिलं,
तो थँक्यू म्हणाला.

मागच्या पौषात ड्रमवर ओरखडा पडला.
प्रत्येक पानावर, डाव्या कडेपासून दोन बोटं आत,
वरून खाली एक पांढरी रेघ.
तिच्यात दर शब्दाचं एकेक अक्षर गेलं.
कुणीच तक्रार केली नाही.
पंधरा दिवस आख्ख्या गल्लीनं
एक अक्षर कमी असलेलं इंग्रजी पाठ केलं.
सोनकच्छच्या एका पोरानं पेनानं भोकं बुजवली,
कुठे ई, कुठे ए, सगळं अंदाजानं.
तो पास झाला. पाव किलो लसणाची शेव देऊन गेला.

त्याच दिवसांत विहीणबाईंचा फोन. त्या पुण्याच्या.
मी म्हटलं, "जेवून राहिलो."
त्या दोन सेकंद गप्प,
मग हळूच, "जेवताय होय?"
ताटात पोळी तशीच राहिली थोडा वेळ.

चार पिढ्या झाल्या आम्हाला इथे.
आमच्याही पानावरून कधीतरी
अशी एक रेघ गेली असणार,
आणि आजोबांनी, बापानं, मी
जे हाताशी होतं ते भरलं तिच्यात.
चाललं की. लग्नं जमली, उधारी वसूल झाली,
आईला शेवटचं जे सांगायचं होतं
तेही सांगून झालं त्यातच.

ड्रम बदलला. बत्तीसशे रुपये.
रेघेचं एक पान मात्र काउंटरच्या काचेखाली ठेवलंय.
सुट्टे पैसे मोजेपर्यंत पोरं त्यावर वाकतात,
ओठ हलतात,
आणि ज्याला फार घाई नाही असा एखादा
गेलेलं अक्षर
काचेवरच्या धुळीत बोटानं लिहितो.

रात्री शटर ओढण्याआधी मी काच पुसतो.
सगळीच नाही पुसत.