व्हेस्मारची मोजणी

व्हेस्मारमध्ये घरं मिठाची.
खाणीतून कापलेल्या करड्या-गुलाबी लाद्या,
वर देवमाशाचं कातडं.
दुपारी भिंतीतून उजेड झिरपतो,
शेजारी जेवताना धूसर दिसतात.

चौकात नगरसभेची पाटी:
भिंत चाटू नये.
पोरं चाटतातच. म्हातारे म्हणतात, असू दे,
खाल्ल्या मिठाला जागतील.
त्याखाली बारीक अक्षरांत:
भिंतीला टेकून रडू नये. दंड दोन नाणी.

बर्फ सरला की मोजणीदार ओर्बेक येतो,
दोरी, वही, कानामागे पेन्सिल.
कुणाचं घर किती बोटं झिजलं, कशानं,
लिहून घेतो.

यिल्साच्या, बंदराकडच्या खिडकीशी
गालाच्या उंचीवर खळगा. गुळगुळीत.
ओर्बेक बोट फिरवतो. ओलं.
ती चहा ठेवते, त्याच्याकडे बघत नाही.

कारणाच्या रकान्यात तो लिहितो:
वारा.