सांदवाडीपासून बोडीपर्यंत

गुडघ्याच्या वाटीने आखून दिली आहे माझी हद्द:
मागचं दार, सांदवाडी, शेणखताचा खड्डा, धुरा,
आणि बोडीची पाळ.
मोजून दोनशे सत्तर पावलं.
जंगल त्याच्या पुढे सुरू होतं,
तिकडे जिप्सीतून मोठ्या लेन्सवाले जातात
आणि वाघ घेऊन येतात.

माझ्याकडे लग्नांचा जुना कॅमेरा आहे.
लांजेवार फोटो स्टुडिओ, बंद पडून चार वर्षं.
लेन्स उलटी धरून टेकवली
की मुंगीच्या पायावरची लव दिसते.
हे कुणी शिकवलं नाही,
पुसताना एकदा हातून उलटी बसली.

आयुष्यभर म्हणत आलो, हनुवटी थोडी खाली, हलू नका.
जवसाचं फूल ऐकत नाही.
सकाळी निळं उमलतं
आणि ऊन चढायच्या आत पाकळ्या टाकून मोकळं.

पौषात धुकं होतं कापलेल्या बांध्यांवर,
लाखोळीच्या शेंड्यांवर दव,
तुरीच्या दोन झाडांमध्ये कोळ्याची ताणलेली दोरी,
आणि मी मफलर गुंडाळून ओणवा,
श्वास रोखून,
कारण श्वासाची वाफ काचेवर बसते.
माघात एके दिवशी वाफ बसलीच नाही.
एवढ्यावरून कळलं, थंडी गेली.
कॅलेंडर नंतर उलटलं.

मग बोडीचं पाणी वीतभर मागे सरकलं.
चिखलावर धोबी शेपटी हलवत फिरायचा,
परतीला निघायचं त्याच्या मनात नव्हतं अजून.
मोहाची पानं पडू लागली, एकेक, आवाज करत.

पाळीवर एक पळस आहे.
त्याची एकच फांदी, रोज आठ वाजता.
कळ्या काळपट, मऊ,
वगारीच्या नाकपुडीसारख्या.
तेराव्या दिवशी एक कळी फाटली,
आतून केशरी चोच.
बटण दाबलं
आणि नेमका मागून टेम्पो गेला.

मिरची तोडायला तेलंगणात निघालेल्या बाया,
उभ्या, दाटीवाटीने,
बोचकी, गंज, पाण्याच्या कॅन.
कुणीतरी हात केला बहुतेक.
मी बघत होतो कळी.

फोटो बिघडला.
कळी धारदार, मागे नुसते रंगांचे डाग.
पुसून टाकणार होतो, गुडघ्यात कळ आली,
राहून गेलं.

चार दिवसांनी हर्षाली आली, चौथीतली, कुंदाची.
ती येते स्क्रीनवर मुंग्या बघायला.
"काजी, हा कवाचा फोटो?"
सोमवारचा, म्हटलं.
ती गप्प झाली.
मग बोट ठेवलं, कळीवर नाही,
कळीच्या डाव्या अंगाला, एका पोपटी डागावर.
"हे माही माय."

डागाला डोळे नव्हते, हनुवटी नव्हती.
असला फोटो गिऱ्हाइकाला दिला असता
तर पैसे परत मागितले असते.
कशावरून गं?
"लुगडं तिचंच हाये. बाजूची लाल ते मालाकाकू.
माय कडेलेच उभी रायते,
गाडीत मळमळते तिले."

तालुक्याला जाणाऱ्या मास्तरांजवळ पेनड्राइव्ह दिला.
पाच बाय सात, एक प्रत.
तिथल्या पोराचा फोन आला:
काका, मागचं सगळं आउट आहे,
कळी तेवढी कापून मोठी करू?
म्हटलं, कापायचीच असेल तर कळी काप.

पळस आता पुरता फुललाय,
त्याच्यावर शिंजिरांची भांडणं चालू आहेत,
काढावेत असे शंभर फोटो आहेत तिथे.
आज आठ वाजता लेन्सचं कडं फिरवत नेलं
फुलांच्या मागे, मागे,
रस्त्यापर्यंत.
रस्त्यावर कुणी नव्हतं.
धुळीत सातभाई लोळत होते.
मोजले, सहा.
तोच काढला.