शेवटचं कडवं

दोंडाईच्याला दिवसा मिरचीच्या पथारीवर पोती,
रात्री डफ.
भिला दगा सैंदाणेचा गळा असा दोन पाळ्यांत राबला
बावन्न वर्षं.

मी त्याचा झीलकरी.
तो ओळ फेकायचा, मी तिचं शेपूट धरून
वर उचलायचो,
जिथं त्याचा श्वास खोकल्यात अडकायचा तिथून.
लोक म्हणायचे, काय तान मारतो भिला!
अर्धी तान माझी होती.

आमच्याकडे गाण्यालाच वही म्हणतात.
कागदाची वही त्याच्याकडे नव्हती.
काटापावत्यांच्या पाठीवर लिहायचा:
समोर चाळीस किलो, मागे कानबाई,
समोर हमाली वजा, मागे
सासरी निघालेली पोर नदीला विचारते,
तुझं माहेर कुठलं?

मालपूर, विखरण, तापीपलीकडे पार शहाद्यापर्यंत
पायी, बैलगाडीनं, कपाशीच्या ट्रकवर बसून.
बिदागी नारळ, शिधा, कधी नुसता चहा.
आणि एकदा, अठ्ठ्याऐंशी साली,
कॅसेटवाल्याचे दीडशे रुपये
नि कव्हरवर भलत्याच माणसाचा फेट्यातला फोटो.

रीत अशी, की नाव येतं शेवटच्या कडव्यात.
शेवटचं कडवं येतं पहाटे चारला.
तोवर पोरं गोणपाटावर आडवी,
बाया रोट झाकून घरी गेलेल्या,
पेट्रोमॅक्स फुरफुरतोय.
"भिला म्हने…" तो म्हणायचा.
"भिला म्हने…" मी म्हणायचो.
ऐकायला मांडवातलं एक कुत्रं.

परवा वरातीत वाजली ती नदीची वही.
खाली डीजेचं धाडधाड,
वर कुण्या शिरपूरच्या पोराचा आवाज.
शेवटचं कडवं नव्हतंच.
मी उठलो भांडायला.
भिलानं सदरा ओढून खाली बसवलं,
कानामागं हात धरून सगळं ऐकलं, मग म्हणाला,
"'गंगामाय' नही रे तठे. 'तापीमाय' शे."
तेवढीच तक्रार.
घरी येताना, रेल्वे फाटकाशी थांबून,
"गानं गावले गयं, नाव घर ऱ्हायनं.
ऱ्हाऊ दे ना भो,
घर राखाले बी कोनी पाहिजे."

आता मिरचीनं त्याचा आवाज पुरता खाल्लाय.
ओट्यावर बसतो, ओठ हलतात.
शेपूट मला पाठ आहे, ओळच येत नाही.
म्हणून मी हल्ली उलटं सुरू करतो,
संध्याकाळी सातलाच,
गल्लीतली पोरं जागी असताना:
"भिला म्हने…"

काल सुताराच्या नातीनं विचारलं,
"भिला कोन शे?"

तो खोकला.